अर्धवट गाडीचा पूर्ण भाव?

वर्धा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सेवाग्राम, पवनार, खादी आणि परतताना बॅगेत कोंबलेला गोरसपाक! पण तुम्ही जुन्या गाड्यांचे शौकीन असाल, तर नागपूरपासून जेमतेम ७५ किलोमीटरवरच्या वर्ध्याची चक्कर आणखी एका कारणासाठी हटके ठरू शकते. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी ही कापसाची गावं. इथल्या एखाद्या वाड्यात किंवा गोदामात ताडपत्रीखाली जुनी 'डुक्कर फियाट' भेटलीच, तर ती बहुधा अर्धवट असते. पत्रा ठोकून झालाय, प्रायमर मारलाय, इंजिन कोपऱ्यात आणि नटबोल्ट डालड्याच्या डब्यात.

इंजिनाविना गाडी वर्ध्याला नवी नाही म्हणा. गांधीजींच्या काळात जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्डला बैल जोडत आणि तिला गमतीनं 'ऑक्सफर्ड' म्हणत, असं सांगतात. आपल्याला मात्र गाडी पेट्रोलवर पळवायचीय. मग द्यायचे किती?

खर्च त्याचा, हिशेब आपला

मालक सांगणार, ''साडेतीन लाख तर माहे लागूनच गेले भाऊ!'' खोटं नसतं ते. पण झालेला खर्च म्हणजे किंमत नव्हे. हिशेब उलटा करायचा. समजा, तशीच गाडी चालू स्थितीत, कागदपत्रांसह सहा लाखांना मिळते. उरलेलं काम अडीच लाखांचं. हरवलेल्या काचा, क्रोमच्या पट्ट्या, मीटर यांचे पन्नास हजार. झाले तीन. त्यावर ऐनवेळी निघणाऱ्या कामांसाठी आणखी एक लाख धरा, कारण खोललेली गाडी नेहमी जास्तच मागते. सहातून चार गेले, उरले दोन. ही झाली कमाल मर्यादा. तुमचे वर्षभराचे रविवार त्यात धरलेलेच नाहीत!

ऊन आणि पत्रा

विदर्भातल्या गाडीचा एक प्लस पॉइंट आहे. समुद्राची खारी हवा नसल्यानं मुंबईच्या गाडीच्या मानानं पत्रा कमी सडतो. तरी चुंबक खिशात ठेवाच. जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टीचा थर आहे समजा. दारांचा खालचा भाग आणि फ्लोअर वाकून बघा. मात्र इथला मे महिना रबर, वायरिंग आणि सीटची पार वाट लावतो. तो सगळा खर्च पूर्ण धरायचा.

कागद आधी, रंग नंतर

वर्धा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे १९५५ च्या गाडीनं जागेवर उभ्या उभ्या तीन राज्यं बघितली! त्यामुळे आरसी बुक मागा आणि त्यावरचे चासी आणि इंजिन नंबर स्वतः जुळवून बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी २० हजार, फेरनोंदणीची पाच हजार, मुदत दहा वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. मधल्या कुणी डिझेल इंजिन बसवलं असेल, तर भाव तिथेच पाडा. आणि हो, ही गाडी रोज ऑफिसला नेता येणार नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची.

शेवटचं, पण महत्त्वाचं

अशी गाडी अनेकदा कुणाच्या तरी बाबांची किंवा आजोबांची असते. काम सुरू करणारा माणूसच गेला, म्हणून ते थांबलेलं असतं. घरच्यांना भाव ठाऊक नसेल, तर भंगाराच्या वजनानं गाडी उचलणं ही हुशारी नव्हे. हिशेबाचा कागद त्यांच्यासमोर ठेवा, सहातून चार कसे गेले ते समजावून सांगा आणि दोन लाखांच्या आसपास मनापासून बोला. पटलं तर डालड्याचा डबा मागायला विसरू नका. गाडीचे अर्धे प्राण त्यातच असतात.