रिकामें भांडें

आपल्या मराठी घरांतून एक जुनी रीत चालत आली आहे. शेजारच्या घरून कांहीं पदार्थ वाटींतून किंवा डब्यांतून आला, तर तें भांडें रिकामें परत करावयाचें नाहीं. दुसरें कांहीं नसलें तर त्यांत चिमूटभर साखर तरी घालावयाची. शेतांतला पहिला हरभरा, परसांतलीं दोन वांगीं, नव्या गुळाचा खडा, यांचा वानवळा शेजारीं पाठविल्यावांचून आपण खावयाचें नाहीं, हीही तशीच एक रीत. या रीती कोणी कायद्यांत लिहून ठेविल्या नाहींत. त्या मोडल्यास शिक्षा नाहीं, पाळल्यास बक्षीस नाहीं. परंतु ज्या आळींत त्या पाळल्या जातात, त्या आळींत संकटाच्या रात्रीं दार उघडावयास कोणी तरी असतें, असा आमचा अनुभव आहे.

विरजणाची गोष्ट तर याहून मौजेची. सायंकाळीं दूध तापवून झाल्यावर घरांतलें दहीं संपलें आहे असें ध्यानांत येतें, आणि मूल वाटी घेऊन शेजारीं धांवतें. चमचाभर विरजण मिळतें. सकाळीं पाहावें तों भांडेंभर दहीं लागलेलें! आतां तो चमचा निराळा काढून परत देतां येईल काय? तो तर साऱ्या दह्यांत मिसळून गेला. त्याची फेड एकच: उद्यां दुसरें कोणी वाटी घेऊन दाराशीं आलें, तर त्यास नाहीं म्हणूं नये. आमच्या प्रभूनें स्वर्गाच्या राज्यास उपमा देतांना राजवाडे व सैन्यें घेतलीं नाहींत. एका बाईनें तीन मापें पिठांत लपविलेलें खमीर घेतलें. ती बाई आमच्या आळींत राहती, तर प्रभूनें बहुधा विरजणाचाच दाखला दिला असता.

शेजारी म्हणजे कोण, हा प्रश्न एका शास्त्र्यानें प्रभूस विचारिला होता. तो वृत्तांत लूकच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायांत आहे. यरुशलेमेहून यरीहोस उतरणाऱ्या एका वाटसरूस लुटारूंनीं अर्धमेला करून टाकिलें. याजक बाजूनें निघून गेला, लेवीही निघून गेला. आणि यहुदी लोक ज्यांस आपल्या पंक्तीचे मानीत नसत, अशा शोमरोन्यांपैकीं एकानें त्याच्या जखमा बांधिल्या. वर्गांत हा दाखला शिकवितांना आपण बहुधा एवढेंच सांगतों कीं, मुलांनो, त्या शोमरोन्यासारखे व्हा. तें योग्यच आहे. पण प्रभूनें शेवटीं प्रश्न कसा फिरविला, तो पाहण्यासारखा आहे. त्या जखमी मनुष्यास शेजारी म्हणून कोण लाभला, असें त्यानें विचारिलें. म्हणजे त्या शास्त्र्यास त्यानें क्षणभर रस्त्यावर पडलेल्या मनुष्याच्या जागीं निजविलें, आणि तेथून वर पाहावयास लाविलें. मदत करणाऱ्याची जागा उंच असते, आणि तेथें उभें राहावयास सर्वांस आवडतें. मदत घेणाऱ्याची जागा जमिनीवर असते. पण शेजाऱ्याचें तोंड तेथूनच नीट दिसतें.

इसवी सन २०२१ च्या एप्रिल महिन्यांत ती जागा आमच्या वांट्यास आली. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस. आम्ही, आमची पत्नी व आमचे वृद्ध वडील असे तिघेही एकाच आठवड्यांत आजारी पडलों. वडिलांस प्राणवायूची गरज लागली, आणि रुग्णालयांत कोठें जागा मिळेना. आमच्या शेजारीं एक रिक्षावाले मामा राहतात. ते मुसलमान, रमजानचे रोजे चालू होते. ते गृहस्थ तोंडांत पाण्याचा थेंब न घेतां भर उन्हांत सिलिंडरसाठीं रांगेंत उभे राहिले, आणि तो त्यांनीं आमच्या ओट्यावर आणून ठेविला. एकदां नव्हे, दोनदां. पलीकडच्या काकू रोज सकाळीं दारावर थाप मारून दूर जाऊन उभ्या राहत. पाहावें तों ओट्यावर डबा! त्यांत मऊ भात, मेतकूट व लिंबाच्या लोणच्याची एक फोड. १४ दिवसांत एकदांही डबा चुकला नाहीं. अन्नाची चव आम्हांस कळत नव्हती. थाप मात्र कळत होती.

वडील वांचले नाहींत. आम्हीं रात्रंदिवस प्रार्थना केली होती, मंडळीनेंही केली होती. पुढें कित्येक आठवडे आमच्यानें प्रार्थना होईना. ओठांवर शब्द येत, पण आंत कांहीं हलत नसे. ज्यांच्या घरीं त्या वर्षीं असेंच घडलें, त्या पालकांस हें अधिक सांगावयास नको. मे महिन्याच्या अखेरीस आमच्या पत्नीनें काकूंचे डबे धुवून, पुसून ओळीनें मांडिले. त्यांत काय घालावें, असा प्रश्न पडला. घरांत साखर होती. पण त्या डब्यांपुढें चिमूट पुढें होईना. तेव्हां आमच्या मनांत आलें कीं, आम्हीं मागितलें तें देवानें दिलें नाहीं हें खरें. परंतु त्यानें आम्हांस एकटें टाकिलें, असें या डब्यांकडे पाहून म्हणवत नाहीं. वडील त्याच वेळीं कां गेले, याचें उत्तर आम्हांस आजही मिळालेलें नाहीं. तरी त्या सायंकाळीं आम्हीं पुन्हां गुडघे टेकिले, आणि पहिला शब्द आला तो उपकारस्तुतीचा. नाताळास अजून सात महिने होते. पण आमच्या पत्नीनें त्या डब्यांतून शंकरपाळे भरून पाठविले.

थंडगार पाण्याचा एक प्याला देणाराही आपल्या प्रतिफळास मुकणार नाहीं, असें प्रभूनें आश्वासन दिलें आहे. हें कृत्य कोणास क्षुल्लक वाटेल. आपल्या देशांत मात्र पाणी ही कधींच क्षुल्लक वस्तु नव्हती. पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानिलेल्या बांधवांस खुला केला. पुढें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस आपल्या सहस्रावधि बांधवांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. लक्ष्मीबाई टिळक यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या आपल्या आत्मचरित्रांत, सोवळ्याओवळ्याचा पगडा आपल्या मनावरून कसा उतरत गेला, तें मोठ्या मोकळेपणानें सांगितलें आहे. देण्याइतकेंच घेणेंही कठीण असतें, हें अशा हकीकतींवरून कळतें. याकोबाच्या विहिरीवर दमून बसलेल्या आमच्या प्रभूनें त्या शोमरोनी बाईशीं बोलणें काढिलें, तें पाणी मागूनच.

दहा कुष्ठरोगी बरे झाले, त्यांपैकीं आभार मानावयास एकच परत आला. आणि तोही शोमरोनीच होता, हें लूक आवर्जून नमूद करितो. ज्यांस आपण परके म्हणतों, त्यांच्याकडून दया शिकावी लागते आणि कृतज्ञताही शिकावी लागते. देवाच्या उपकारांची फेड कशी करावी, हा प्रश्न ११६ व्या स्तोत्राच्या कर्त्यासही पडला होता. त्याचें उत्तर विलक्षण आहे. तो आणखी एक प्याला, तारणाचा प्याला, हातीं घेतो. म्हणजे फेडावयास निघालेला मनुष्य पुन्हां घेऊनच उभा राहतो! मग लोकांसमक्ष तो आपले नवस फेडतो. देवाचें देणें असें आहे कीं, तें आनंदानें घ्यावें आणि पुढच्या माणसाच्या वाटींत घालावें.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेच्या दिवशीं ज्यानें तुम्हांस आपलें जास्तीचें पेन दिलें, सायकलची साखळी निसटली असतां ज्यानें आपले हात काळे करून घेतले, आई कामावरून यावयास उशीर झाला तेव्हां ज्या मावशींनीं तुम्हांस आपल्या घरीं बसवून दोन घांस वाढिले, त्या सर्वांस आठवा. मनांतल्या मनांत नव्हे, तर त्यांच्यापुढें जाऊन दोन शब्द बोला. पालकांसही आमची एक नम्र विनंति आहे. आतां पुष्कळ कुटुंबें सदनिकांतून राहतात, आणि दारें बंद असतात. दिवाळीचा किंवा नाताळाचा फराळ, शिरखुर्म्याचा वाडगा, शेजारीं पाठवावयाचा असेल तेव्हां तो मुलाच्या हातीं द्या. सांडला तर सांडो. शेजाऱ्याच्या दारावर थाप कशी मारावी, हें त्यास त्यावांचून कसें येणार?

असो. दयाळू पिता आपणां सर्वांस देणारे हात देवो, आणि नम्रपणें घेणारें मनही देवो.