धाव आणि धावा



मी कीर्तनकार नाही, अभ्यासकही नाही. साताऱ्यात एका कचेरीत कारकून आहे आणि गेली काही वर्षं पहाटे उठून पळतो. आमच्या घरात वारी ती आबांची. ते माउलींच्या सोहळ्यात तेहतीस वर्षं चालले. मी मात्र पालखी लोणंदला आली की त्यांना धुतलेल्या कपड्यांची पिशवी पोचवायचो, दर्शन घ्यायचो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत फिरायचो. वारी म्हाताऱ्या माणसांनी करायची, असं काहीसं डोक्यात होतं.

पळायला लागलो तो रक्तातल्या साखरेमुळं. २०१५ साली तपासणीत साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. चालता चालता शाहू स्टेडियमवर पळणाऱ्यांची ओळख झाली आणि मीही पळू लागलो. उत्साहाच्या भरात दुसऱ्याच महिन्यात रोज आठ-आठ किलोमीटर पळालो आणि नडगी अशी दुखायला लागली की जिना उतरताना कठड्याला धरावं लागे. तेव्हा तिथल्या एका जाणत्या धावपटूनं शहाणपण शिकवलं. दम चार-सहा आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात. म्हणून अंतर थोडं थोडं वाढवायचं. आठवड्यात चार दिवस पळायचं, त्यातले तीन दिवस सावकाश. रविवारी लांबची धाव, तीही सावकाश. सावकाश म्हणजे किती, तर शेजारच्याशी बोलत बोलत पळता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली की वेग जास्त झाला असं समजायचं.

सामानाचंही एक शास्त्र असतं. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा ठेवावी. सहाशे-आठशे किलोमीटर झाले की तळाचा फोम दबतो. वरून बूट नवा दिसला तरी तो बदलावा. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. मांड्यांना आणि काखेत व्हॅसलीन लावावं. शर्यतीच्या दिवशी नवा बूट, नवा मोजा, नवा खाऊ, काहीही नवं नको. हे सगळं मी मनापासून शिकलो. मग हातात ते घड्याळ आलं. ते प्रत्येक किलोमीटरचा वेळ सांगायचं, हृदयाचे ठोके मोजायचं. तिथून माझं पळणं साखरेसाठी राहिलं नाही. ते घड्याळासाठी झालं.

आबा ओसरीवर बसून माझी तयारी बघायचे. एकदा बुटाची किंमत विचारली. सात हजार सांगितल्यावर म्हणाले, "एवढ्यात माझ्या चार वाऱ्या व्हतील." पुढं काही बोलले नाहीत.

साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. अंतर एकवीस किलोमीटर आणि वर थोडं. शहरातून समर्थ मंदिर, बोगदा, मग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं पुढं जायचं आणि त्याच वाटेनं उतरायचं. पावसाळ्याचा शेवट असतो, घाटात धुकं असतं, दरीत झरे वाहत असतात. चढताना छाती भरून येते, पण खरी परीक्षा उतारावर. उताराला प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार झेलतात. त्यामुळं चढावर जो जोर दाखवतो, त्याचे पाय परतीच्या वाटेवर धरतात.

२०१८ ची शर्यत. मला दोन तासांच्या आत यायचं होतं. वर्षभर त्याच एका आकड्यासाठी पळालो होतो. घाट नीट चढलो, वळलो, उताराला लागलो. सोळाव्या किलोमीटरच्या आसपास एका वळणावर कठड्याला टेकून एक माणूस बसला होता. निळा शर्ट, पन्नाशीचं वय. एक पाय दोन्ही हातांनी धरला होता, चेहरा पांढरा पडला होता. मी जवळ आलो तसा त्यानं हात वर केला. मी घड्याळाकडं बघितलं. पळता पळता म्हणालो, "थोडं पाणी प्या, मागून कोणीतरी येईल." आणि गेलो.

एक तास एकोणसाठ मिनिटं वीस सेकंद. चाळीस सेकंद हातात ठेवून मी पोचलो. गळ्यात पदक पडलं, फोटो काढले. घरी आलो तो पेढे घेऊनच. आबांना सगळी शर्यत रंगवून सांगितली आणि त्या ओघात तो माणूसही सांगितला. हातचं कसं जाता जाता वाचलं, या थाटात.

आबांनी पेढा हातातच ठेवला. म्हणाले, "मग त्यो उठला का न्हाई?"

मी म्हणालो, "माहीत नाही. गाड्या असतात, डॉक्टर असतात. कोणीतरी बघितलंच असेल."

"त्ये झालं. तू काय केलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. थांबलो असतो तर पोटरी ताणून द्यायला, दोन घोट पाणी पाजायला किती वेळ लागला असता? एक मिनिट, फार तर दोन. माझ्याकडं चाळीस सेकंद शिल्लक होते. म्हणजे ते पदक मी त्या माणसाच्या एका मिनिटावर घेतलं होतं. हा हिशेब त्या दिवसापासून सुटेना. पदक मी कपाटात ठेवलं ते पुन्हा बाहेर काढलं नाही.

पुढच्या वर्षी, २०१९ च्या वारीत, आबांचे गुडघे कुरकुरत होते. आळंदीहून निघालेच ते, पण लोणंदला पिशवी घेऊन गेलो तेव्हा त्यांचं चालणं बघून मी रजा वाढवून घेतली आणि तिथूनच दिंडीत शिरलो. अंगावर पळायचे कपडे, पायात तेच भारी बूट, हातात घड्याळ. तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. माउलींचा अश्व दोन रांगांमधून दौडत गेला आणि माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकली.

मला वाटलं होतं, एकवीस किलोमीटर पळणाऱ्याला या चालण्याचं काय! तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. मोजे भिजले, वाळले नाहीत आणि बरडच्या मुक्कामी टाचेला रुपयाएवढा फोड आला. दिंडीतल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं पाय मांडीवर घेतला, कोरड्या फडक्यानं पुसला, खोबरेल लावलं. म्हणाले, "माउली, बूट पिशवीत टाका. पायाला वारा लागू द्या." माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठा माणूस माझे पाय चेपत होता आणि मला माउली म्हणत होता. उरलेली वाट मी चपलेवर चाललो.

चालता चालता एक गोष्ट ध्यानात आली. दिंडीत पुढं पताका, मग टाळकरी, मध्ये पखवाज, वीणा, मागं डोक्यावर तुळस घेतलेल्या आयाबाया. सगळे गात चालतात. जो गातो त्याला धाप लागून चालत नाही. म्हणजे चालीचा वेग अभंगच ठरवतो. बोलत बोलत पळा, हे जे मला मैदानावर शिकवावं लागलं, ते इथं कोणी न शिकवता चाललं होतं. घड्याळात बघितलं, हृदयाचे ठोके शंभरच्या जरा वर. अख्खा दिवस तेवढेच. साधारण अडीचशे किलोमीटरची ही वाट सत्तरीतली माणसं कशी पार करतात, याचं एक उत्तर मला त्या आकड्यात मिळालं. दुसरं उत्तर संध्याकाळी मिळालं.

मुक्कामाला समाज आरती असते. सगळ्या दिंड्या तळावर जमतात, टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि एवढा अफाट समुदाय एका क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ थांबवत नाही. वाजवत राहते. मग चोपदार त्या दिंडीकडं जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि मगच आरती होते. त्या संध्याकाळी एका कोपऱ्यात टाळ वाजत राहिले. लाखभर माणसं दमलेली, भुकेली, पाऊस भुरभुरतोय, आणि सगळी उभी आहेत एका दिंडीचं म्हणणं ऐकून होईपर्यंत. मला वळणावरचा तो वर झालेला हात आठवला. माझ्याकडं चाळीस सेकंद होते.

माळशिरसहून वेळापूरला जाताना धावा होतो, हे वाचकांना ठाऊकच आहे. याच टेकडीवरून तुकोबारायांना पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्याची आठवण म्हणून दिंड्या उतारावरून धावतात. उतार बघितला आणि माझ्यातला धावपटू जागा झाला. फोड विसरलो, सुटलो. वाटेत दोन-तीन दिंड्या मागं टाकल्या. खाली पोचून सवयीनं घड्याळ बघितलं. मग आजूबाजूला बघितलं तर ओळखीचं कोणी नव्हतं. मी दुसऱ्याच कुणाच्या तरी दिंडीत उभा होतो.

आमची दिंडी बऱ्याच वेळानं आली. पोरं पळत, म्हातारे झपझप चालत, तुळसवाल्या बाया एका हातानं वृंदावन सावरत. सगळ्यांच्या शेवटी आबा. एका थकलेल्या आजींची पिशवी त्यांच्या खांद्यावर आणि आजींचा हात त्यांच्या हातात. गुडघे दुखणारा माणूस दुसऱ्याचं ओझं घेऊन उतरत होता. मला बघून हसले. म्हणाले, "लवकर आलास. पर दिंडी पोचली म्हंजी आपुन पोचलो."

त्या रात्री राहुटीत झोप लागेना. धावा हा शब्द डोक्यात घोळत होता. उतारावरून पळतो तो धावा, आणि संकटात हाक मारतो तोही धावाच. आपण देवाला सांगतो, धाव. तो धावला, असं संतांनी ठायी ठायी सांगितलं आहे. जनाबाईंच्या जात्यावर बसला, नाथांघरी पाणी वाहिलं. धावायचं ते कोणाच्या तरी हाकेकडं. माझ्याकडं बघून एका माणसानं धावा केला होता आणि मी त्याच्यापासून लांब धावलो होतो.

त्याच साली शर्यतीत मी पेसर म्हणून नाव दिलं. पेसर म्हणजे ठरलेल्या वेळेचा झेंडा घेऊन एकसारख्या चालीनं पळणारा सोबती. ज्याला त्या वेळेत पोचायचं असेल त्यानं त्या झेंड्याच्या मागं राहायचं. स्वतःचा वेळ त्याला नसतो. आम्हा दोघांकडं तीन तासांचा झेंडा होता. मागं तीसेक माणसं, बहुतेक पहिल्यांदाच पळणारी. चढाला थोडं चाला, थोडं पळा, बोलता येतंय का बघा, असं सांगत आम्ही वर गेलो. उताराला त्याच वळणाच्या अलीकडं एक बाई मटकन बसल्या. पोटरीत गोळा आला होता. मी झेंडा जोडीदाराकडं दिला आणि थांबलो. पाय सरळ केला, चवडा त्यांच्याकडं हळूहळू दाबला, मीठ-साखरेचं पाणी दिलं. पाच-सात मिनिटांनी त्या उठल्या. मग चालत, गप्पा मारत आम्ही शहरात उतरलो.

घरी आबा ओसरीवरच होते. "किती येळ लागला?"

"तीन तास वीस मिनिटं."

"झेंडा तीनाचा व्हता न्हवं?"

मी काय झालं ते सांगितलं. आबांनी विचारलं, "आन बाई?"

"पोचल्या."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा माळ ओढायला लागले.

आता आबांचं चालणं अंगणापुरतं राहिलं आहे. वारी माझ्याकडं आली आहे, लोणंदपासूनची का होईना. पळणं सुटलेलं नाही. साखर ताब्यात आहे, बूट अजून संध्याकाळीच घेतो. पण एका बाईसाठी थांबलो म्हणून त्या माणसाचा हिशेब फिटला, असं मला वाटत नाही. तो वेगळा आणि हा वेगळा. यवतेश्वरच्या घाटातल्या त्या वळणावर आलो की कठड्याकडं नजर जाते.

निळ्या शर्टातले ते गृहस्थ वारकरी असतील किंवा नसतील. पण हे मासिक कुणाच्या हातून कुठं जाईल, सांगता येत नाही. माउली, तुमच्या वाचनात हे आलंच, तर २०१८ साली तुम्हाला "मागून कोणीतरी येईल" म्हणून पुढं गेलेला तो मी. तुम्ही उठलात का, घरी नीट पोचलात का, हे विचारायचं राहून गेलं. आमचे आबा अजून विचारतात.