नात्याच्या रकान्यात काय लिहायचं?

आपल्या घरांत कादंबरी वाचायला वेळ कुणाला असतो, असं ओळखीच्या बायका मला विचारतात. त्यांचं खरं आहे. पहाटेचं पाणी, डबे, कामाची गाडी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, यातून पुस्तकाला वेळ द्यायचा तर तो झोपेतूनच काढावा लागतो. शिवाय दुसऱ्याचं दुःख कशाला वाचायचं, घरात काय कमी पडलंय, असाही सवाल असतोच. तरी आज मी दोन कादंबऱ्यांबद्दल लिहिणार आहे. दोन्ही परदेशातल्या. एक विलायतेतल्या विणकराची, दुसरी अमेरिकेतल्या एका काळ्या बाईची. दोन्हींत एकमेकांचं कुणी न लागणारी माणसं एकमेकांचं घर होतात. अशाच घरात मी वाढले, म्हणून या गोष्टी मला परक्या वाटल्या नाहीत.

पहिली ‘सायलस मार्नर’. मेरी ॲन इव्हान्स नावाच्या बाईंनी जॉर्ज एलियट हे पुरुषाचं नाव घेऊन लिहिलेली ही कादंबरी १८६१ साली आली. सायलस हा लिननचं कापड विणणारा कारागीर. एका कारखान्यांच्या शहरात तो एका लहानशा धर्मपंथात असतो. तिथे जिवाभावाचा मित्रच त्याच्यावर चोरीचा आळ आणतो. पंथाचे लोक खऱ्याखोट्याचा निवाडा चिठ्ठ्या टाकून करतात आणि चिठ्ठी त्याच्या विरोधात निघते. त्याचं ठरलेलं लग्न मोडतं. ती मुलगी पुढे त्याच मित्राशी लग्न करते. सायलस शहर सोडतो आणि रॅव्हलो नावाच्या लांबच्या खेड्यात जाऊन राहतो. पंधरा वर्षं एकटा माग चालवतो, मजुरीची नाणी जमिनीत पुरून ठेवतो आणि रात्री दार लावून मोजतो. एके दिवशी ती नाणीही चोरीला जातात.

मग वर्षअखेरीच्या रात्री, बर्फ पडत असताना, त्याच्या घराजवळ एक बाई मरून पडते. तिची चिमुरडी पोर उजेड बघून उघड्या दारातून आत येते आणि चुलीपुढे झोपी जाते. सायलसची नजर अधू. पोरीचे सोनेरी केस बघून त्याला वाटतं, आपलं सोनंच परत आलं. हात लावतो तो मऊ, ऊबदार केस लागतात. ती पोर तो कुणाला देत नाही. आपल्या आईचं आणि लहानपणीच वारलेल्या बहिणीचं नाव तो तिला ठेवतो. हाक मारायला एपी.

हे पुस्तक मला रात्रीच्या कॉलेजात इंग्रजीला लागलं होतं. गोष्ट विणकराची, म्हणून मी ती दादांना सांगितली. आमचे दादा गिरणीत साचे खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. दादा त्यांतलेच एक, ते पुन्हा आत गेले नाहीत. गोष्ट ऐकून ते एवढंच म्हणाले, “पंधरा वर्षं साच्यावर, आणि घरीही एकटा. म्हणजे बोलायची सवयच गेली असणार त्याची.” दादा स्वतःही फार बोलत नसत. आई वारली त्या वर्षापासून, म्हणजे १९७९ पासून. मी तेव्हा सहा वर्षांची होते, धाकटा भाऊ दोन वर्षांचा.

वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या समोरच्या खोलीत आक्का राहायच्या. आमच्या कुणीच लागत नव्हत्या. त्या घाटावरच्या, आम्ही कोकणातले. नवरा लवकर गेलेला, दोन बाळंतपणं वाया गेलेली. त्यांची खानावळ होती. दहा-बारा गिरणी कामगार पाळीप्रमाणे त्यांच्याकडे जेवायला यायचे. आई गेली त्या रात्री त्यांनी भावाला उचलून आपल्या खोलीत नेलं आणि मी पाठोपाठ गेले. दादांच्या तिन्ही पाळ्यांत आम्ही तिथेच जेवलो, तिथेच अभ्यास केला. संपात जेवणारे गडी गावाला गेले, खानावळ बंद पडली. मग आक्का दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. तरी आमची ताटं वाढायची राहिली नाहीत.

सायलसची गोष्ट आक्कांनीही ऐकली, तांदूळ निवडता निवडता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “त्या पहिल्या रात्री पोरीला खायला काय दिलं त्यानं?” मी सांगितलं, स्वतः खायची टाळून ठेवलेली साखर घालून त्याने तिला लापशी भरवली. “मंग ती त्याचीच,” आक्का म्हणाल्या आणि पुन्हा सुपाकडे बघू लागल्या. या कादंबरीवर मी नंतर परीक्षेत चार पानं लिहिली. त्या चार पानांत याहून जास्त काही नव्हतं.

या पुस्तकात मला सगळ्यात आवडते ती डॉली विन्थ्रॉप. गाड्यांची चाकं बनवणाऱ्या कारागिराची बायको. शिक्षण जेमतेम. ती आपल्या मुलाचे जुने कपडे एपीसाठी आणते, तिला आंघोळ कशी घालायची ते सायलसला दाखवते आणि पोर त्याच्याच मांडीवर ठेवते, म्हणजे पोरीला त्याचा लळा लागेल. पोर खोड्या करते म्हणून तीच सुचवते, एकदा कोळशाच्या कोनाड्यात कोंडून बघा. सायलस मन घट्ट करून कोंडतो. मग पोरीला धुऊन, पुसून, स्वच्छ कपडे घालतो आणि पाठ वळवतो, तर पोर आपणहून पुन्हा कोळशात जाऊन बसलेली! त्या दिवसापासून सायलसने शिक्षेचा नाद सोडला. शेजार असा असतो. मूल एकाचं असलं तरी ते वाढवायची अक्कल चार घरांतून गोळा होते.

सोळा वर्षांनी एपीचा खरा बाप येतो, गावचा जमीनदार गॉडफ्रे कॅस. बर्फात मेलेली ती बाई त्याची लपवून ठेवलेली बायको होती. त्याला आता मूल हवं आहे आणि रक्ताचा हक्क तो पुढे करतो. सायलस विचारतो, हे सोळा वर्षांपूर्वी का सांगितलं नाहीत? एपी मोठं घर नाकारते आणि विणकर बापाकडेच राहते.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण लेखिका सायलसला पुन्हा त्याच्या जुन्या शहरात नेते. आपल्यावरचा आळ खोटा होता हे तिथे आता तरी कळलं असेल, असं त्याला वाटत असतं. जाऊन बघतो तर ती जागाच नाही. प्रार्थनेचं घर गेलं, माणसं पांगली, तिथे कारखाना उभा आहे. त्याला न्याय मिळत नाही, उत्तरही मिळत नाही. तो परत येतो आणि डॉलीपाशी मन मोकळं करतो. पोर आपल्याकडे आली तेव्हापासून विश्वास ठेवण्याइतका उजेड मिळाला, अशा अर्थाचं तो काही बोलतो. आमच्या भागात उलटं झालं. कारखाने गेले आणि टॉवर आले. दादांच्या गिरणीच्या जागी आज काचेची इमारत आहे. संपाचं काय झालं, आमची देणी कुठे गेली, याचं उत्तर दादांना शेवटपर्यंत मिळालं नाही. पण संध्याकाळी आक्कांच्या उंबऱ्यावर बसून ते भावाच्या पोराला खेळवायचे तेव्हा हसायचे. जखम भरते म्हणजे हिशेब चुकता होतो असं नाही, हे मला त्या हसण्यात दिसलं.

दुसरी कादंबरी ‘द कलर पर्पल’, ॲलिस वॉकर यांची, १९८२ ची. १९८३ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. कादंबरीसाठी ते मिळवणाऱ्या वॉकर या पहिल्या काळ्या लेखिका. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याशी आपलं नातं जुनं आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचं नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं होतं. मात्र ही कादंबरी मोर्च्याची नाही. ती स्वयंपाकघराची आणि ओसरीची आहे.

सेली ही चौदा वर्षांची मुलगी. ज्याला ती बाप समजते तोच तिच्यावर अत्याचार करतो. तिची दोन मुलं तिच्यापासून काढून घेतली जातात आणि तिला एका विधुराच्या घरी राबायला पाठवलं जातं. तिचा एकच आधार म्हणजे बहीण नेटी. तिलाही घराबाहेर काढतात. नेटी पत्रं पाठवत राहते आणि नवरा ती वर्षानुवर्षं लपवून ठेवतो. बोलायला कुणी नाही म्हणून सेली देवालाच पत्रं लिहिते. अशा घरात शुग एव्हरी येते. ती गायिका, नवऱ्याची जुनी प्रेयसी, आणि आजारी. सेली तिची शुश्रूषा करते. जिचा द्वेष करायला हवा असं जग म्हणेल, तीच तिची सगळ्यात जवळची होते. लपवलेली पत्रं तिच्यामुळेच हाती लागतात.

सोफिया ही सेलीच्या सावत्र मुलाची बायको, कुणाचं ऐकून न घेणारी. शहराच्या मेयरवर हात उचलला म्हणून ती तुरुंगात जाते. तेव्हा तिची मुलं कोण सांभाळतं? तिची बहीण, आणि तिच्या नवऱ्याची नवी जोडीदारीण. पुढे तीच जोडीदारीण गाणं गायला बाहेर पडते तेव्हा सोफिया तिची मुलगी सांभाळते. चाळीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आणि एकदा भांडणात फाटलेल्या पडद्यांचे तुकडे घेऊन सेली आणि सोफिया वाकळ शिवायला बसतात. तिकडे तिला क्विल्ट म्हणतात. फाटकं फेकायचं नसतं, जोडायचं असतं, हे तिथल्या गरीब बायकांनाही ठाऊक होतं.

सेली उठून उभी राहते तीही सुईदोऱ्यावर. ती शुगबरोबर दुसऱ्या शहरात जाते, पँटी शिवते आणि त्यांचा धंदा उभा करते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मैत्रिणीने डोळे पुसले, पण सेलीच्या हाताला काम आलं आणि कामाचे पैसे तिच्याच हाती राहिले, तेव्हा तिची मान वर झाली. शेवटी बहीण आणि मुलं परत येतात. मुलांना आई-बाप म्हणून दुसऱ्याच जोडप्याने वाढवलेलं असतं. पुस्तकात त्याबद्दल कुणाची कुणावर कुरघोडी नाही.

ही पुस्तकं वाचून मला आणखी एक गोष्ट उमगली. आक्कांनी आम्हाला वाढवलं, असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण सायलसला पोरीने माणसांत आणलं, तसं आम्हीही आक्कांना काही दिलं असणार. दोन पाळणे रिकामे राहिलेल्या बाईच्या खोलीत आम्ही गोंधळ घातला, पाढे म्हटले, तापाने फणफणलो. शेवटच्या आजारपणात त्या म्हणाल्या, “तुमी नसता तर म्या कवाच गावाला जाऊन पडली असती.” आभार कुणी कुणाचे मानायचे, याचा निकाल आम्ही लावला नाही.

त्याच आजारपणात, २०१६ साली, एका इस्पितळाच्या खिडकीवर मला फॉर्म मिळाला. ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. मी ‘मुलगी’ लिहिलं. आडनाव वेगळं, गाव वेगळं, जात विचारायची राहिली एवढंच. कारकुनाने ते खोडून ‘शेजारी’ लिहिलं आणि सहीसाठी रक्ताचं माणूस आणायला सांगितलं. गावाहून पुतण्या येईपर्यंत दोन दिवस गेले. तोपर्यंत बेडपॅन मीच बदललं, भाऊ रात्री खाली फरशीवर झोपला. आक्का पाचव्या दिवशी गेल्या. खोली कायद्याने पुतण्याच्या नावावर झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी त्यांची वाकळ मागून घेतली. तीत माझ्या आईच्या लुगड्याचा एक तुकडा आहे.

आता बीडीडी चाळी जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. आपल्या माणसांना स्वतःचा संडास, स्वतःचं न्हाणीघर मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. शंभर वर्षांच्या रांगा संपल्या. पण लिफ्टचं दार आणि घराचं दार दोन्ही बंद राहिली तर आई गेलेल्या पोराला रात्री उचलून न्यायला समोरून कोण येईल, ही काळजी मला लागली आहे. उत्तर बिल्डर देणार नाही. ते आपल्यालाच द्यायचं आहे.

म्हणून भगिनींनो, दोन विनंत्या. तुमच्या घरात रक्ताचं नसलेलं कुणी आपलं असेल, तर बँकेच्या, विम्याच्या कागदावर नामनिर्देशन करताना त्याचा विचार करा आणि घरच्यांना तसं उघड सांगून ठेवा. माया कागदावरही असावी. आणि विहाराच्या किंवा वस्तीच्या वाचनालयात अशा गोष्टींची पुस्तकं मागा. एकीला वाचता येत असेल तर तिने वाचून दाखवावं, बाकीच्यांनी भाजी निवडत ऐकावं. आक्कांना वाचता येत नव्हतं. पण सायलसची गोष्ट आमच्या चाळीत सगळ्यांत नीट त्यांनाच कळली होती.