जुन्नरच्या डोंगरांतील चार दिवस

वैशाखांत शाळा-कचेऱ्यांस सुटी लागली, कीं सुशिक्षित कुटुंबांतून महाबळेश्वर कीं माथेरान, हा एकच वाद सुरू होतो. त्या थंड हवेच्या ठिकाणांविषयीं आमचा आकस नाहीं. परंतु तेथें जाऊन मंडळी बाजारांत हिंडतात आणि खोल्यांत बसून पत्ते कुटतात, हें आम्हीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे. विखुरलेलें कुटुंब चार दिवस एकत्र आणावें, मुलांना डोंगर चढवावे आणि वडील माणसांनाही बोलावयास कांहीं विषय मिळावा, अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनीं पुण्याच्या उत्तरेस सुमारें नव्वद किलोमीटरांवरील जुन्नर गांठावें. गेल्या वैशाखांत पुण्याचीं, ठाण्याचीं व नाशिकचीं मिळून आम्ही लहानथोर एकवीस माणसें तेथें होतों.

जुन्नर हें नांव ‘जीर्णनगर’ या शब्दावरून आलें, अशी व्युत्पत्ति सांगतात, आणि गांवाभोंवतालचे डोंगर पाहिले म्हणजे ती पटते. एका गांवाच्या आसमंतांत येथल्याइतकीं, म्हणजे दोनशेंहून अधिक, लेणीं दुसरीकडे क्वचितच सांपडतील. पहिल्या दिवशीं उजाडतांच आम्ही लेण्याद्रीच्या पायथ्याशीं गेलों. पायऱ्या सुमारें तीनशें. आमच्या आत्याबाई ऐंशीच्या पुढें गेलेल्या. त्यांच्यासाठीं डोली ठरविली, तर त्या बसावयास तयार होईनात. “माणसाच्या खांद्यावर बसून देवाला जायचं, तर देव काय म्हणेल?” त्यावर डोलीवाला हंसून म्हणाला, “आजी, तुमी बसला नाय, तर आमची सकाळ रिकामी जाईल. मग देव काय म्हणंल?” आत्याबाई निमूटपणें बसल्या. वर पोंचल्यावर त्यांनीं त्या चौघांना आपल्या डब्यांतले लाडू आधीं दिले व मग दर्शनास गेल्या.

अष्टविनायकांपैकीं डोंगरावर असलेला हा एकच गणपति, गिरिजात्मज. पण ज्या दालनांत तो आहे, तें मूळचें बौद्ध भिक्षूंचें विहार. एवढा मोठा मंडप, पण मध्यें एकही खांब नाहीं, आणि कडेनें भिक्षूंच्या लहान लहान खोल्या. शेजारींच सुंदर चैत्यगृह. या परिसरांतील ब्राह्मी लेखांतून कोणीं काय दान दिलें याची नोंद आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टाकें दिलें. इरिल नांवाच्या यवनानें दोन टाकीं दिलीं. चित नांवाच्या दुसऱ्या यवनानें भोजनमंडप दिला. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेला ग्रीक वा तत्सम परदेशीय. हें सांगतांच आमचा पुतण्या उद्गारला, “काका, म्हणजे ग्रीक माणसानं इथं मेस काढून दिली!” भाषांतर अगदींच वाईट नव्हतें. दोन हजार वर्षांपूर्वींच्या दात्यांना सुवर्णाच्या मूर्तींपेक्षां पाणी आणि पंगतीची जागा द्यावीशी वाटली, ही गोष्ट मात्र आमच्या मनांत पुढें चार दिवस घोळत राहिली.

शिवनेरीविषयीं आम्ही नवें काय सांगणार? १९ फेब्रुवारी १६३० रोजीं तेथें शिवछत्रपतींचा जन्म झाला, हें शाळेंतील पोरही जाणतें. सात दरवाजे ओलांडून, शिवाईचें दर्शन घेऊन, जन्मस्थानाच्या इमारतीपाशीं मुलें आपण होऊन गप्प झालीं. कोणास दटावावें लागलें नाहीं. गंगा-जमुना टाक्यांतील पाणी भर वैशाखांत हात गारठविणारें होतें. एक सूचना अवश्य करतों. कड्यांना मोठमोठीं आग्या मोहोळें असतात. अत्तरें लावून जाऊं नये, धूर करूं नये, आरडाओरडा करूं नये, आणि उन्हें तापण्यापूर्वीं उतरावें.

तिसऱ्या दिवशीं ओझरचा विघ्नहर झाला, आणि दुपारीं खोडदच्या वाटेनें मुलांना त्या प्रचंड दुर्बिणीच्या तबकड्या दुरून दाखविल्या. एकेक पंचेचाळीस मीटर व्यासाची, अशा एकूण तीस. ताऱ्यांचा प्रकाश नव्हे, तर त्यांच्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञानें ही योजना उभारली. चैत्यगृहांत जांभया देणारे आमचे दोघे भाचे येथून हलेनात!

पण आमच्या सहलीचा खरा दिवस चौथा, नाणेघाटाचा. जुन्नरहून पश्चिमेस जातांना चावंडचा किल्ला लागतो, कुकडीच्या उगमाजवळचें कुकडेश्वराचें कोरींव मंदिर लागतें, आणि घाटघरच्या पुढें एकाएकीं जमीन संपते व खालीं कोंकण दिसूं लागतें. घाटाच्या तोंडाशीं मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, अशी आख्यायिका. जवळच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख भिंतींवर कोरलेला आहे. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व चार लोकपाल यांस नमन. मग अश्वमेध, राजसूय आदि यज्ञ आणि त्यांतील दक्षिणेच्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणें, सारें आंकड्यांनिशीं. आपल्या देशांतील अंकलेखनाचे हे अत्यंत जुने नमुने होत. राजा शातकर्णी निवर्तल्यावर मासोपवास करीत व्रतस्थ राहिलेल्या राणीनें हा हिशेब मांडला, हें ऐकून आत्याबाई लेण्याच्या दाराशीं बराच वेळ बसून राहिल्या. त्या स्वतः बत्तीसाव्या वर्षीं विधवा झाल्या व त्यांनींच दोन्ही मुलांचा संसार उभा केला. मागील भिंतीवरील राजकुलाच्या मूर्ति नष्ट झाल्या आहेत. वर कोरलेलीं नांवें व खालीं पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

दुपारचें जेवण आम्हीं जवळच्या एका वाडींत, महादेव कोळी समाजाच्या एका घरीं, आधीं पैसे देऊन सांगितलें होतें. अंगणांत बाळहिरडा वाळत पडलेला. वैद्यकांत जिला हरीतकी म्हणतात तिचीं हीं कोंवळीं फळें. त्यांच्या विक्रीवर इकडील पुष्कळ घरांचा उन्हाळा चालतो. नाचणीच्या भाकरी, कुळथाचें पिठलें, ठेचा आणि पळसाच्या द्रोणांत करवंदें, असा बेत होता. आमची धाकटी सून घरच्या मुलीबरोबर सहज पाण्यावर गेली, ती तासाभरानें एक हंडा घेऊन परत आली. विहिरीच्या तळाशीं झरा होता. वाटीवाटीनें पाणी भरावें लागे. इकडे अंगणांत आमचीं मुलें बादलींत हात घालून एकमेकांवर पाणी उडवीत होतीं. सुनेनें बादली उचलून घरांत ठेविली.

आमचे मेहुणे व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, “जेवणाचे पैसे आपण दिले आहेत, पाणी त्यांतच आलं.” आत्याबाई पानावरून मान वर न करितां म्हणाल्या, “पैसे भाकरीचे दिलेत. झऱ्याचे कुणाला दिलेत?”

यावर वाद झाला, आणि तो चांगलाच झाला. पुतण्यानें कुकडी प्रकल्पाचीं पांच धरणें मोजलीं: माणिकडोह, वडज, येडगांव, पिंपळगांव जोगे आणि डिंभें. डिंभ्याच्या जलाशयाखालीं जुनें आंबेगांवच गेलें. कालव्यांचें पाणी पार सोलापूर जिल्ह्यापर्यंत पोंचतें. आणि धरणांच्या माथ्यावरच्या वाड्यांत वैशाखांत वाटीनें पाणी भरावें लागतें. पावसाळ्यांत येथें धो धो पाऊस पडतो, पण उघड्या कातळावरून तो तसाच वाहून जातो. खडकांत टाकीं खोदणाऱ्यांना हें ठाऊक होतें. “मग आपण यावंच कशाला?” असें मेहुण्यांनीं विचारलें. त्याचें उत्तर घरधनिणीनेंच दिलें. ती म्हणाली, “या कीं. तुमी आला तर चार पैसं येत्यात. पाणी तेवढं खालून घिऊन या.”

आम्हीं हात आपल्या गाडींतील पाण्यानें धुतले व उरलेले दोन डबे तिच्या ओट्यावर रिते केले. पुढील वर्षीं माणशीं दहा लिटर पाणी जुन्नरहूनच बरोबर घ्यावयाचें, स्वयंपाकाचें धरून, असें तेथेंच ठरलें. हिशेब मेहुण्यांनीं आपल्याकडे घेतला. पांच वाजतांच आम्हीं मुलांना गाडींत बसविलें. खालीं उंसाच्या पट्ट्यांत बिबट्यांचा वावर फार आहे, आणि दिवेलागणीनंतर त्या रस्त्यावर उतरूं नये, असें घरधनिणीनें दोनदां बजावलें होतें.