उन्हातले छायाचित्र

११ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी कार्डिनलांच्या सभेत लॅटिन भाषेतून आपला पदत्याग जाहीर केला आणि त्याच दिवशी संध्याकाळी रोममधील संत पेत्राच्या महामंदिराच्या घुमटावर वीज कोसळली. पावसात ताटकळत उभ्या असलेल्या इटालियन छायाचित्रकारांनी तो क्षण नेमका टिपला. हे छायाचित्र आमच्या धर्मग्रामातील तरुणांना दाखवले, तेव्हा त्यांचा एकमुखी निकाल आला, "फादर, हे बनवलेलं आहे." उलट, मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे शुभ्र, फुगीर, झोकदार कोटातील चित्र जगभर फिरले, तेव्हा याच मंडळींनी ते निःशंकपणे खरे मानले होते. वस्तुतः तो कोट कधी कोणी शिवलाच नव्हता. संगणकाला चार ओळींची आज्ञा दिली की तो असे चित्र घडवून देतो. बारकाईने पाहिले तर गळ्यातील क्रूसाची साखळी एकाच बाजूला होती आणि हातातील पेला बोटांनी धडपणे धरलेलाही नव्हता. परंतु बारकाईने पाहतो कोण?

खरे खोटे वाटावे आणि खोटे खरे, याचे मला फारसे नवल वाटत नाही. उंच वास्तूवर वीज पडणे ही निसर्गातील साधी गोष्ट. पण त्या दिवशी ती इतकी अर्थपूर्ण दिसली की मन बिचकले. कोटात मात्र अर्थ शोधण्याजोगे काही नव्हते. ८६ वर्षांचा माणूस थंडीत जाड कोट घालणारच, असे वाटून लोक हसले आणि पुढे गेले. काहींना रागही आला. प्रासाद सोडून संत मार्था अतिथिगृहात राहणाऱ्या पोपना हा थाट शोभतो काय, असे मला दोघांनी गंभीरपणे विचारले. पुढे २०२४ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी अशा बनावट चित्रांविषयी लिहिले आणि आपणही त्यांचा विषय झालो आहोत, असे जाता जाता नमूद केले. तक्रारीचा सूर त्यात नव्हता.

हे प्रश्न आता रोमपुरते उरलेले नाहीत. रविवारच्या मिस्सानंतर आमच्या आवारातील कडुनिंबाखाली चहा होतो आणि हातोहाती फोन फिरू लागतात. झाडाच्या शेंड्यावर चढलेली शेळी. माणसाच्या नाकासारखे नाक फुटलेले वांगे. स्कूटरवर फ्रीज आणि त्याला कवटाळून बसलेले चौघांचे कुटुंब. "फ्रीजमध्ये कोण आहे हो?" कोणी विचारतो. "सासूबाई. ऊन लागते म्हणून आत बसल्या." यावर खुद्द सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसतात. मला या गप्पा प्रिय आहेत. सेमिनरीत आम्हाला मौनाचे महत्त्व पुष्कळ शिकवले गेले, पण एकत्र हसणाऱ्या माणसांत एक प्रकारची संगत असते, तीही देवाचीच देणगी होय. आपल्या प्रभूने काना येथील लग्नाला जाताना चेहरा गंभीर केला असेल, असे मला वाटत नाही.

एकदा या गप्पांत मी त्यांना सेकोंदो पिया यांची हकीकत सांगितली. हे तूरीनचे वकील आणि हौशी छायाचित्रकार. १८९८ च्या मे महिन्यात पवित्र कफनाचे प्रदर्शन भरले असता त्याचे छायाचित्र घेण्याची परवानगी त्यांना मिळाली. २८ मेच्या रात्री अंधाऱ्या खोलीत काचेची पट्टी धुताना, कापडावर पुसट डाग दिसत होते तेथे, उलट्या छायेमुळे एक शांत, जखमी मुखमंडल उमटलेले त्यांनी पाहिले. जगाने काय केले? पियांनी लबाडी केली, असा बोभाटा झाला. १९३१ मध्ये ज्युझेप्पे एन्री यांनी पुन्हा छायाचित्रे घेतली, तेव्हा तीच मुद्रा उमटली. पंचाहत्तरी गाठलेले पिया त्या वेळी हजर होते. ते कापड किती जुने, हा वाद निराळा. १९८८ च्या कार्बन चाचणीने ते १२६० ते १३९० या काळातील ठरवले, त्या चाचणीवरही वाद झाले, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ मध्ये तूरीनला जाऊन हा प्रश्न शास्त्रज्ञांच्याच हाती ठेवला. पण कापडाचे काहीही ठरो, पियांचे छायाचित्र प्रामाणिक होते आणि त्या प्रामाणिकपणाची पावती मिळायला ३३ वर्षे लागली. श्रोत्यांपैकी एकाने विचारले, "मग फादर, ३३ वर्षे ते काय करत होते?" हा प्रश्न मला फार आवडला.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी बाहेरच्यांना काही सांगावे लागत नाही. मे २०२४ च्या अखेरीस तर येथे ५६ अंश तापमान झाल्याचा आकडा देशभर गेला. यंत्रातील बिघाडामुळे तो आला होता, असे हवामान खात्याने मागाहून सांगितले. खरे तापमानही माणसाला आडवे करण्यास पुरेसे असते. त्याच दिवसांत कडुनिंबाखाली एक छायाचित्र आले. सीताबर्डीच्या पदपथावर एक प्रौढ माणूस उताणा पडलेला, एक चप्पल पायात, एक दूर, आणि उघड्या तळहाताशी एक कांदा. "कांद्याचे भाव ऐकून चक्कर आली," एक म्हणाला. "चखणा आहे, बाटली कुठे गेली?" दुसरा म्हणाला. हशा पिकला. कडेला उभा असलेला एक अठरा वर्षांचा मुलगा मात्र हसला नाही. फोन त्याच्या हाती आला, तेव्हा तो हळूच म्हणाला, "हे माझे मोठे बाबा आहेत."

ते रंगारी. दारूला आयुष्यात न शिवलेले. सकाळपासून एका इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला रंग देत होते. आमच्याकडे उन्हातान्हात निघताना लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. त्यांची पत्नी रोज आठवणीने देते. एका रिक्षावाल्याने त्यांना दवाखान्यात पोचवले आणि तीन दिवस सलाईन लागले. छायाचित्र घेणाऱ्याने आधी पाणी पाजले की आधी फोन काढला, हे चित्रात दिसत नाही.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आम्ही मुलांना पाठ करून घेतो आणि समजावताना न्यायालयाचे उदाहरण देतो. पोपच्या कोटाचे चित्र खोटे होते. या चित्रातील एकही रेघ खोटी नव्हती; खोटी होती ती बाटली, जी आम्हा कोणालाही दिसत नव्हती आणि जिचा उल्लेख होताच सर्वांना पटली. शेळीवर हसताना शेळीचा पुतण्या शेजारी उभा नसतो, एवढाच काय तो फरक, असे कोणी म्हणेल. मला तो फरक लहान वाटत नाही.

विनोद करणारे दोघेही त्या रात्री झोपले नसावेत. दुसऱ्या दिवशी मी आजाऱ्यांसाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन त्या घरी गेलो, तेव्हा ते आधीच तेथे उंबऱ्याशी, मान खाली घालून बसले होते. एकाने संत्र्याच्या सरबताची बाटली आणली होती आणि ती कोठे ठेवावी, हे त्याला कळत नव्हते. प्रार्थना आटोपल्यावर मोठे बाबा उशीला टेकून बसले आणि पुतण्याला म्हणाले, "तो फोटो दाखव गा मले." मुलगा कचरला. त्यांनी हात पुढे केला तो केलाच. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन ते बराच वेळ पाहत राहिले.

"कांदा दिसून राहिला न साफ?" ते म्हणाले. "तुही मोठी आई म्हणे, मी कांदा घरीच इसरलो. दाखव तिले."