मुक्या जिवाची साखर

मांजर पाळणें आणि मांजराची शुश्रूषा करणें ह्या दोन गोष्टी वरवर एकच भासल्या, तरी त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पाळावयास फारसें कांहीं लागत नाहीं. वाटीभर खाणें, उन्हाचा एक चौकोन आणि घरांतील एखाद्या माणसाची मांडी एवढ्यावर मांजराचा संसार सुखानें चालतो. शुश्रूषेचें तसें नाहीं. तेथें घड्याळ येतें, औषध येतें, खर्च येतो. आणि खर्च आला म्हणजे एकत्र कुटुंबांत चर्चा ही आलीच.

आमच्या घरीं ही चर्चा पिलोबाच्या निमित्तानें झाली. जिन्याखालीं सांपडला तेव्हां तो तळहातावर मावेल एवढा होता, म्हणून मुलांनीं त्याला 'पिल्या' म्हटलें. पुढें तो अंगानें भारदस्त झाला, घरांतील वयोवृद्धांत मोडूं लागला, आणि नांवाला आपोआप आदरार्थी 'बा' चिकटला. बाराव्या वर्षीं त्याच्या वागण्यांत फरक दिसूं लागला. न्हाणीघरांतील बादलीवर तो तासन् तास वाकून पाणी पीत असे. खाणें वाढलें, पण अंग मात्र झडूं लागलें. सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे मागच्या पायांची टांच जमिनीला टेकवून तो चालूं लागला. मांजर एरवीं बोटांवर चालतें. टांच टेकूं लागली तर तिच्यामागें मज्जातंतूंचा अशक्तपणा असूं शकतो, हें आम्हांला पशुवैद्यांनीं सांगितलें. घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेंहि वाढते, म्हणून एका तपासणीवर न विसंबतां त्यांनीं मागील दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळेल अशी फ्रुक्टोसामीनची तपासणी करविली. निदान निश्चित झालें: मधुमेह. उपाय: दर १२ तासांनीं इन्शुलिन.

हें ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मांजराला मधुमेह! उद्यां चिमण्यांना रक्तदाब झाला म्हणून सांगाल." सासूबाई स्वतः गेलीं २० वर्षें इन्शुलिन घेत आहेत. सुई त्या आपल्या हातानें टोंचून घेतात, आणि त्या वेळीं कोणी जवळ उभें राहिलेलें त्यांना खपत नाहीं. त्यांना मांजराचा द्वेष होता असें नव्हे. परंतु ज्या आजाराशीं आपण मुकाट्यानें झुंजत आलों, तोच एका बोक्यानें मिरवावा, आणि त्याच्यासाठीं घरांतील दोन माणसांनीं धांवपळ करावी, हें त्यांना कोठें तरी लागलें असावें. धाकट्या भाऊजींचा आक्षेप निराळा होता. त्यांनीं महिन्याचा हिशेब कागदावर मांडला आणि कागद न बोलतां माझ्यापुढें सरकविला.

शास्त्र पाहूं गेलें तर सासूबाईंची थट्टा टिकत नाहीं. मनुष्याला उतारवयांत होणाऱ्या मधुमेहाशीं मांजराच्या मधुमेहाचें नातें फार जवळचें आहे. दोघांच्याहि शरीरांत आरंभीं इन्शुलिन स्रवत असतें, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाहीं. पुढें तें स्रवणाऱ्या स्वादुपिंडांतील पेशींच्या पुंजक्यांत अमिलॉइड नांवाचा प्रथिनाचा साका सांचत जातो आणि त्या पेशी निकामी होतात. वय झालेला, खच्ची केलेला, घरांत बसून लठ्ठ झालेला बोका ह्या रोगाला विशेष बळी पडतो. पिलोबांत ह्यांपैकीं एकाहि लक्षणाची उणीव नव्हती.

शिवाय ह्या औषधाचा इतिहास पाहावा. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिंकोवस्की व फॉन मेरिंग ह्यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें आणि त्या कुत्र्याला मधुमेह जडला. ह्या रोगाचा स्वादुपिंडाशीं असलेला संबंध त्यामुळें उघड झाला. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग आणि बेस्ट ह्यांनीं इन्शुलिन शोधून काढलें तेंहि कुत्र्यांवरील प्रयोगांतून; आणि जानेवारी १९२२ मध्यें तें १४ वर्षांच्या एका मुलाला टोंचण्यांत आलें. सासूबाईंना जगविणारें औषध असें मुक्या जनावरांच्या शरीरांतून मनुष्याकडे आलें आहे. तें आज उलट दिशेनें एका बोक्याकडे गेलें, तर आपण फार मोठा उपकार केला असें मानण्याचें कारण नाहीं. हें सारें मी भाऊजींना सांगितलें. ते एवढेंच म्हणाले, "वहिनी, इतिहासानें बिल भागत नाहीं." पण दुसऱ्या दिवशीं सिरिंजांचा डबा त्यांनींच आणून ठेविला.

सेवेचा क्रम ठरून गेला. सकाळीं सात वाजतां व सायंकाळीं सात वाजतां प्रथम खाणें, तें पोटांत गेल्याची खात्री झाल्यावर मग सुई. कातडीची चिमूट धरून ती टोंचली असतां पिलोबाला त्याचें कांहींच वाटत नसे. खरी काळजी दुसरीच होती. सासूबाईंची बाटली मिलिलिटरला ४० युनिटांची, पिलोबाची १०० युनिटांची; पहिल्या औषधाची सिरिंज लाल टोपणाची, दुसऱ्याची नारिंगी. १०० ताकदीचें औषध लाल टोपणाच्या सिरिंजेंत त्याच आंकड्यापर्यंत भरलें तर मात्रा अडीचपट होते. म्हणून फ्रिजमध्यें एकाची बाटली वरच्या कप्प्यांत, दुसऱ्याची दारांत, आणि सिरिंजा दोन वेगळ्या खोल्यांत, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशीं केली.

वाढलेली साखर हळूहळू नुकसान करते. उतरलेली साखर घटकाभरांत घात करते. मेंदूचें पोषण मुख्यतः रक्तांतील साखरेवर चालतें, आणि तिचा मोठा सांठा मेंदूजवळ नसतो. इन्शुलिन दिलें, आणि कांहीं कारणानें अन्न अंगीं लागलें नाहीं किंवा शरीराची गरजच घटली, कीं औषध तेंच असून विष ठरतें.

कार्तिकांतील एका रात्रीं आम्हांला तें पाहावयास मिळालें. सात वाजतां पिलोबा नेहमींप्रमाणें जेवला, त्याला सुई दिली. आणि तासाभरानें त्यानें खाल्लेलें सारें ओकून टाकलें. पशुवैद्यांना दूरध्वनि केला. त्यांनीं त्याला थोडें थोडें खाऊं घालावयास आणि लक्ष ठेवावयास सांगितलें. पण तो वाटीला तोंड लावीना. साडेअकराच्या सुमारास तो स्वयंपाकघरांतून एक विचित्र, लांबट हांक मारीत बाहेर आला. पाय अडखळत होते. दाराच्या चौकटीला त्यानें डोकें आपटलें, तेथेंच थबकला, आणि मान थरथरूं लागली. डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती.

आम्ही यंत्र आणि पट्ट्या शोधीत होतों, इतक्यांत देवघराशेजारच्या खोलींतून सासूबाई बाहेर आल्या. त्यांनीं एकवार पाहिलें मात्र, आणि म्हणाल्या, "अग, त्याची साखर उतरली आहे. यंत्र मागाहून. आधीं ग्लुकोज आणा." त्यांच्या उशाशीं असलेला डबा त्यांनींच आणला. भुकटी पाण्यांत कालवून दाटसर केली आणि ती बोटानें त्याच्या गालाच्या आंतून हिरड्यांवर चोळली. पाणी तोंडांत ओतावयाचें नाहीं, कारण शुद्ध हरपलेल्या जिवाच्या तें श्वासनलिकेंत जातें. दातांच्या मध्यें बोट घालावयाचें नाहीं, कारण झटका आला तर जबडा मिटतो. झटका आलाच. चारी पाय ताठ झाले, आणि जेमतेम अर्ध्या मिनिटाचा तो काळ आम्हां सर्वांना फार लांब वाटला. यजमानांनीं कानाच्या कडेचा थेंब यंत्रावर घेतला. आंकडा ३८ आला. ६०च्या खालीं गेलें कीं धोका समजावयाचा. माणसांसाठीं केलेलीं यंत्रें मांजराची साखर बहुधा आहे त्यापेक्षां कमी दाखवितात. पण समोर जीव असा तडफडत असतां आंकड्याशीं वाद घालण्यांत अर्थ नसतो.

दहा मिनिटांनीं त्याची जीभ हलली. तो हिरड्यांवरचें ग्लुकोज चाटूं लागला, तेव्हां भाऊजी म्हणाले, "गोड लागलें वाटतें." वस्तुतः मांजराला गोड चव कळतच नाहीं. गोडी ओळखणाऱ्या ग्राहकाचा एक आवश्यक भाग घडविणारें जनुक मांजरांच्या कुळांत मोडीत निघालें आहे, हें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखवून दिलें. ज्या पदार्थानें त्याचा जीव राखला, त्याची चवहि त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हती.

एवढ्यानें संकट टळत नाहीं. ग्लुकोजचा परिणाम थोडा वेळ टिकतो, आणि टोंचलेलें इन्शुलिन कित्येक तास काम करीत राहतें. म्हणून त्याला पंचांत गुंडाळून त्याच रात्रीं दवाखान्यांत नेलें. तेथें शिरेंतून ग्लुकोज दिलें आणि दर अर्ध्या तासानें साखर पाहिली. पहांटे आम्ही परतलों, तेव्हां सासूबाई दारांत जाग्याच होत्या.

त्या दिवशीं दुपारीं मी त्यांना विचारलें, "तुम्हांला एका दृष्टिक्षेपांत कसें कळलें?" त्या बराच वेळ वाती वळीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक नसेल तर कोणाला असेल? आधीं हात कांपतात, घाम फुटतो, भूक लागते. पण ती भूक पोटांतली नव्हे. मग आंतून एकेक दिवा कोणी मालवीत गेल्यासारखें होतें. हांक मारावीशी वाटते, पण कोणाला मारायची तें नांव आठवत नाहीं. त्यानें हांक तरी मारली."

"तुम्हांला असें केव्हां होतें?"

"होतें कधीं कधीं. रात्रींचेंच. डबा असतो उशाशीं. तुमची सगळ्यांची झोंप कशाला मोडायची?"

मी कांहीं बोललें नाहीं. आमच्या घरांत वडील माणसांच्या प्रकृतीची चौकशी रोज होते, आणि तिचें उत्तरहि रोज एकच असतें: "बरें आहे." आपल्या आजारानें कोणाला तोशीस पडूं नये, हें त्या पिढीला अंगवळणीं पडलें आहे. त्यालाच आपण सोशिकपणा म्हणतों आणि त्याचा गौरव करतों. पण ज्या संकटांत साह्य मागण्याची बुद्धीच प्रथम हरपते, तेथें सोशिकपणा हा गुण राहत नाहीं. त्यांतून, ज्यांनीं वर्षानुवर्षें इन्शुलिन घेतलें आहे अशा कित्येकांना घाम, थरकांप हीं पूर्वसूचनेचीं लक्षणेंच पुढें पुढें जाणवेनाशीं होतात. मग डबा उशाशीं असून त्याकडे हात जात नाहीं. पिलोबाला भीड ठाऊक नव्हती. तो ओरडला, आणि त्या ओरडण्यानें ह्या घरांतील दुसऱ्या एका रुग्णाचें गुपित उघड केलें.

त्याच आठवड्यांत सासूबाईंच्या डॉक्टरांकडे यजमान त्यांच्यासह गेले. रात्रींची मात्रा कमी झाली, आणि निजण्यापूर्वीं साखर पाहण्याचा नियम ठरला. पिलोबाचीहि मात्रा पशुवैद्यांनीं दोन युनिटांवरून एकावर आणली. योग्य आहार आणि इन्शुलिन ह्यांच्या बळावर कांहीं मांजरांचें स्वादुपिंड पुन्हां काम करूं लागतें, आणि गरज कमी होत जाऊन कांहींना औषध बंदहि करतां येतें. ही सुवार्ता खरी, पण तीच धोक्याचीहि असते. कारण शरीर सुधारत असतां जुनीच मात्रा चालूं ठेविली तर साखर उतरते. त्यानंतर दोनदां त्याचे पाय अडखळले. दोन्ही वेळां तो शुद्धींत होता. नुसतें खाणें पुढें करून निभावलें, आणि दर पंधरा मिनिटांनीं थेंब पाहत आम्ही बसून राहिलों.

ज्यांच्या घरीं असा रुग्ण आहे, मग तो दोन पायांचा असो वा चार, त्यांनीं थोड्याशा गोष्टी हाताशीं ठेवाव्या. ग्लुकोज किंवा मध सर्वांना ठाऊक असलेल्या एकाच जागीं असावा. कोणी किती वाजतां सुई दिली तें भिंतीवरच्या कागदावर लिहावें, म्हणजे मोठ्या कुटुंबांत एकच मात्रा दोन हातांनीं दिली जात नाहीं. मांजरानें खाल्लें नसेल तर वैद्यांना विचारल्यावांचून सुई देऊं नये. दिली कीं नाहीं अशी शंका असेल तर न देणेंच बरें. एक मात्रा चुकल्यानें सहसा जीव जात नाहीं, दोनदां दिल्यानें जाऊं शकतो. आणि झटका येऊन गेल्यावर रुग्ण सावरलेला दिसला, तरी दवाखाना टाळूं नये.

पिलोबा आतां पंधरा वर्षांचा आहे. त्याचीं मूत्रपिंडें थकलीं आहेत. दिनदर्शिकेवर त्याच्या चांगल्या दिवसांवर खूण करीत जा, असें पशुवैद्यांनीं सांगितलें आहे. खुणा विरळ होऊं लागल्या म्हणजे काय करावयाचें तेंहि त्यांनीं सांगितलें आहे, आणि त्या दिवशीं त्याला ओढून धरावयाचें नाहीं असें आम्ही सर्वांनीं मिळून ठरविलें आहे. खुणा करण्याचें काम भाऊजींनीं मागून घेतलें. ते त्या कांहींशा उदारपणें करतात, अशी मला शंका आहे.

रात्रीं तीनच्या सुमारास पुष्कळदां सासूबाईंच्या खोलींतून हांक येते, "अग, पिलोबाला पाहिलेंस का?" मी उठतें. आधीं त्यांच्या कपाळाला हात लावून घाम आहे का पाहतें, त्यांच्याशीं दोन शब्द बोलतें, आणि मग त्यांच्याच पायगतीं निजलेल्या पिलोबाला हांक मारतें. तो एक कान हलवितो. "बरा आहे," मी सांगतें. सासूबाई कूस पालटतात.