सहीचे मोल

थोरामोठ्यांच्या सहीचा मोह माणसाला का पडावा, हा प्रश्न आमच्या मनात वारंवार येतो. सही म्हणजे शाईची दोन-चार वळणे. परंतु ती काढणारा हात थोर असला की लिलावात तिला लाखोंचा भाव येतो.

व्हिएन्नाचे चित्रकार फर्डिनांड श्मुट्झर यांनी १९२१ साली अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे व्यक्तिचित्र धातूच्या पत्र्यावर कोरले. पत्र्याला मेणाचा लेप द्यावयाचा, सुईने रेघा ओढावयाच्या, त्या अम्लाने खोल करावयाच्या, खाचांत शाई भरून त्यावर ओलसर कागद दाबावयाचा, असे हे चिकाटीचे काम! त्या चित्राच्या काही प्रतींवर चित्रकाराच्या सहीबरोबर आइन्स्टाइन यांचीही सही आहे. जीभ बाहेर काढलेले त्यांचे १९५१चे छायाचित्र तर सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची एक स्वाक्षरित प्रत २०१७ साली सव्वा लाख डॉलरला विकली गेली.

स्वतः आइन्स्टाइन यांना आपल्या अक्षराची किंमत ठाऊक होती. सही मागणाऱ्यांकडून ते दानधर्मासाठी पैसे घेत. १९०५च्या सापेक्षतेवरील निबंधाचे मूळ हस्तलिखित उरले नव्हते, म्हणून त्यांनी तो पुन्हा स्वहस्ते लिहून काढला. १९४४ साली त्या हस्तलिखितावर ६५ लाख डॉलरचे युद्धरोखे विकले गेले.

मात्र स्वतःची पूजा त्यांना नको होती. १९५५ साली त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा अज्ञात स्थळी विसर्जित करण्यात आली. येथे आम्हांला ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ११९०वे कलम आठवते. संतांचे पवित्र अवशेष विकण्यास ते सक्त मनाई करते. ज्याच्याविषयी आदर वाटतो त्याची खूण जवळ असावी, ही ओढ स्वाभाविक आहे. तिचा बाजार मांडला की आदर मागे पडतो.

अशी एक सही घेण्यासाठी आमचे एक आप्त आपली बरीचशी पुंजी मोडावयास निघाले होते. त्यांनी आमचा सल्ला विचारला. आमच्या घरी वडिलांनी आणलेले आइन्स्टाइन यांचे साधे छापील चित्र आहे. त्यावरील सहीही छापीलच. भिंगाखाली तिचे ठिपके दिसतात. शाळेत विज्ञान शिकविणारे आमचे वडील त्या चित्राखाली मुलांना बसवून प्रकाशाचा वेग समजावून सांगत. त्या मुलांपैकी कोणीही सही खरी आहे काय, असे विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. आम्ही आप्तांना एवढेच कळविले, की पुंजी मुलांच्या शिक्षणाला ठेवावी आणि चित्र छापीलच घ्यावे.